ग्रंथाची घाई नको, आधी वही घाला

पत्र (थोडं कापून):

"मी खानापूर तालुक्यातल्या एका बाजाराच्या गावात राहते. गावाचं नाव छापू नका. माझे वडील गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळायच्या, धंद्यात तमिळनाडूत होते, त्यामुळे लहानपण तिकडं गेलं. लग्न होऊन इथं आले, आता जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. मुलांना 'आपल्या गावाचा इतिहास' असा प्रकल्प दिला, तर निम्म्या वर्गानं रायगड आणि उरलेल्यांनी प्रतापगड लिहून आणला. गावाबद्दल एक ओळ नाही. सासरे ८४ वर्षांचे आहेत. त्यांना जुनं पुष्कळ आठवतं, पण हल्ली एकात एक मिसळतात. गावाचा इतिहास लिहावा असं घरात बोलले, तर जाऊबाई म्हणाल्या, 'आपल्या गावाला कसला आलाय इतिहास? आणि तू बाहेरची, तुला काय माहीत?' ही गोष्ट गावात पसरली आणि इथल्या एका पुढाऱ्यांचा निरोप आला, की पुढच्या यात्रेपर्यंत लिहून द्या, छपाई आमच्याकडे लागली. सुरुवात कुठून करू? आणि त्यांना काय सांगू?"

ताई,

आधी पुढाऱ्यांचं उरकून घेऊ, कारण त्यांच्या निरोपाला तारीख चिकटलेली आहे आणि घाई तिथूनच सुरू होणार.

यात्रेपर्यंत तयार होणारा ग्रंथ कसा असतो, हे तुम्हीही पाहिलं असेल आणि मीही. गुळगुळीत कागद. पहिली वीसेक पानं शुभेच्छा संदेशांची. मग गावाच्या नावाची व्युत्पत्ती, त्यात एखादा ऋषी नाहीतर पांडव मुक्कामाला येऊन गेलेले. मग ग्रामदैवत, मग आजी-माजी सरपंचांचे फोटो, आणि शेवटी खतांच्या दुकानाची आणि मंगल कार्यालयाची जाहिरात. तो ग्रंथ प्रत्येक घरी जातो आणि कुणी उघडत नाही. याहून वाईट म्हणजे, एकदा तो निघाला की गावाचा इतिहास 'झाला' असं ठरतं आणि पुढची पंधरा-वीस वर्षं त्या वाटेला कुणी जात नाही.

म्हणून नाही म्हणू नका, पण मागणी बदला. त्यांना सांगा, "साहेब, ग्रंथाला वेळ लागेल. या यात्रेत जुन्या फोटोंचं प्रदर्शन मांडते, त्यासाठी मंडप, टेबलं आणि लाईट तेवढी द्या." ते आनंदानं देतील, उद्घाटनही करतील, करू द्या. यात तुमचा फायदा मोठा आहे. यात्रेला सगळी गलाईवाली मंडळी गावात असतात, एरवी वर्षभर ती केरळपासून काश्मीरपर्यंत पांगलेली. प्रत्येक फोटोखाली कोरा कागद लावा आणि दोरीला पेन्सिल बांधून ठेवा. 'यात कोण कोण ओळखता?' एवढाच प्रश्न. लोक नुसती नावं लिहून थांबणार नाहीत, भांडतील: "हा आमचा थोरला चुलता नव्हे, तो तर तेव्हा बिहारात होता." ते भांडण तुम्हाला हवंय. शाळेतली दोन चुणचुणीत मुलं वही घेऊन प्रत्येक टेबलापाशी उभी करा. कोण काय म्हणालं ते नावानिशी उतरून घ्यायचं, कोण बरोबर ते आत्ता ठरवायचं नाही.

आता तुमच्या खऱ्या प्रश्नाकडे येते. मला तुम्हाला सांगायची गोष्ट एकच आहे, बाकी सगळं तिचाच विस्तार: इतिहास लिहू नका, साधनं गोळा करा. लिहिणारा पुढं कधीही मिळेल, तुमच्या वर्गातलीच एखादी मुलगी लिहील. साधनं मात्र आत्ता नाही जमवली तर मिळायची नाहीत. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे गावोगाव वाडे, माळे, देव्हारे धुंडाळत कागद जमवत फिरले. त्यांच्या खंडांचं नावच 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' आहे. पहिला खंड १८९८ सालचा, आणि असे २२ खंड. पुढं १९१० साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ उभं राहिलं, ते राजवाड्यांच्याच पुढाकारानं. त्यांना मुख्यतः राजकारणाचे कागद हवे होते, पत्रं आणि सनदा. तुम्हाला काय हवंय ते वेगळं आहे, पण रीत तीच.

जाऊबाईंचा 'कसला आलाय इतिहास' हा प्रश्न मात्र मनाला लावून घेऊ नका. त्या एकट्याच असं म्हणत नाहीत. तुमच्या भागाला तर दाखवण्यासारखा इतिहासही आहे: कुंडल हाकेच्या अंतरावर, १९४३ ते ४६ चं क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार, तुफान सेना. त्यावर लिहिलं गेलंय, भाषणं होतात, स्मारकं आहेत. पण भूमिगतांना रात्री-अपरात्री ज्या बायकांनी भाकरी थापून दिल्या, त्या भाकरीचं पीठ कुठून आणायच्या? शेजारणीला काय सांगायच्या? त्या बायका आता राहिल्या नाहीत, त्यांच्या सुना आहेत. त्यांनी सासूच्या तोंडून जे ऐकलं, ते आज मिळेल.

बहात्तरच्या दुष्काळाचंही तेच. शाळेच्या पुस्तकात एक वाक्य असतं, की १९७२ च्या दुष्काळातल्या कामांमधून रोजगार हमी योजना पुढं आली आणि १९७७ साली तिचा कायदा झाला. बरोबर आहे. पण तुमच्या गावच्या पाझर तलावावर खडी फोडायला कोणकोण होतं? मुकादम कोण होता, हजेरी कशी मांडायचा? वाटेकऱ्याबरोबर बागायतदाराची सूनही पाटी उचलायला गेली होती का? मिलोची, म्हणजे बाहेरून आलेल्या लाल ज्वारीची, भाकरी कशी लागायची, वाटपाची सुकडी पोरं जागीच खायची की घरी आणायची? त्या वेळी विशीत असलेली बाई आज सत्तरी ओलांडून गेलीय. टेंभू उपसा योजनेचं पाणी आल्यापासून तुमच्याकडं ऊस आणि द्राक्षं दिसायला लागली, चांगलंच झालं. पण आता लहान पोरांना सांगून पटत नाही, की याच रानात बाजरी, मटकी आणि हुलग्यावर माणसं जगली आणि दाणा असलाच तर तो पेवात पुरून ठेवायची.

हे सगळं एकदम हातात घेऊ नका. गावाचा सगळा इतिहास असं काही नसतंच. एक धागा धरा, आणि तुमच्यापुरता तो धागा मला पत्रातच दिसतोय, तुम्ही तो सहज लिहून गेलात: गलाई.

विटा, आटपाडी, खानापूर, कवठेमहांकाळ, या दुष्काळी पट्ट्यातली माणसं पिढ्यान् पिढ्या देशभर जाऊन सोनं-चांदी गाळतात. कुठल्याही राज्यातल्या सराफ बाजारात मागच्या गल्लीत जा, भट्टीपाशी सांगली जिल्ह्याची बोली कानावर पडते. गावच्या गावं यावर उभी राहिली. बंगले त्यातून आले, मंदिराचे कळस, शाळांच्या खोल्या, कुस्तीच्या मैदानाची इनामं त्यातून आली. आणि या सगळ्याचं लिखित म्हणावं असं तुमच्या गावात काय आहे? काही नाही. तुम्ही त्या धंद्यात जन्मलात, भट्टीचा वास तुम्हाला ठाऊक आहे. तुमच्यापेक्षा योग्य माणूस कुठून आणायचा?

सासऱ्यांना 'गलाईचा इतिहास सांगा' असं म्हणाल तर ते म्हणतील, "काय सांगायचं, लई कष्ट केलं." आणि गप्प बसतील. माणसाला मोठा प्रश्न विचारला की तो भाषण करतो नाहीतर गप्प बसतो. लहान विचारा. गावातून पहिल्यांदा निघालात तेव्हा वय काय होतं? कुणाबरोबर गेलात? गाडी कराडला पकडली की ताकारीला? आईनं फडक्यात काय बांधून दिलं? पहिल्या रात्री कुठं झोपलात? हिंदी येत होतं का, आणि नव्हतं तर पहिला शब्द कुठला शिकलात? मालकानं पगार कुणाच्या हातात दिला, तुमच्या की परस्पर घरी मनिऑर्डर?

मग वस्तू समोर ठेवा. घरात जुना काटा असेल, वजनं असतील, एखादी वापरलेली मूस (सोनं वितळवायचं भांडं) माळ्यावर पडलेली असेल. ती त्यांच्या हातात द्या आणि तुम्ही गप्प बसा. हात आठवतात, ताई. मूस भट्टीत कशी बसवायची, सवागी (टाकणखार) कधी टाकायची, फुंकणी केव्हा थांबवायची, सोन्यातली चांदी तेजाबात (ॲसिडमध्ये) कशी सोडवायची आणि तेजाबातली चांदी तांब्याच्या पट्टीवर परत कशी बसवायची, हे ते बोटांनी दाखवायला लागतील. तेव्हा व्हिडिओ चालू असू द्या. आठ गुंजांचा मासा आणि बारा माशांचा तोळा हे त्यांना झोपेतही येत असेल. टंच, म्हणजे सोन्याचा कस, डोळ्यांनी कसा ओळखायचे ते विचारा. सोनारांच्या दुकानातली झाडलोटीची माती विकत घेऊन त्यातून सोनं काढायचं काम केलंय का, तेही विचारा.

सालांचा घोळ होणारच. ८४ वर्षांच्या माणसाला साल विचारूच नये. त्याऐवजी खुंटी द्या. त्यांच्या धंद्यातली सगळ्यात पक्की खुंटी म्हणजे जानेवारी १९६३. मोरारजी देसाई अर्थमंत्री असताना सुवर्ण नियंत्रण आलं, चौदा कॅरेटपेक्षा शुद्ध दागिने घडवायला बंदी झाली, देशभरात सोनारांचा रोजगार बुडाला. सासरे तेव्हा विशी-बाविशीत असतील. "कंट्रोल आला तेव्हा तुम्ही कुठं होता? भट्टी बंद पडली का? गावाकडं परत आलात?" असं विचारा. ते नियंत्रण १९६८ च्या कायद्यानं पुढं चालू राहिलं आणि १९९० साली उठलं. म्हणजे त्यांची अख्खी उमेद त्या सत्तावीस वर्षांत गेली. 'कंट्रोलच्या आधी', 'बहात्तरच्या आधी', 'धाकट्याच्या जन्मानंतर', असं त्यांच्याकडून घ्या आणि साल तुम्ही मागाहून जुळवा. एकच गोष्ट दोनदा वेगवेगळी सांगितली तर दोन्ही ठेवा, दुरुस्त करू नका. आणि बैठक छोटी असू द्या, सकाळची, चहानंतरची. थकलेल्या माणसाकडून इतिहास पिळून काढायचा नसतो.

या धंद्यातली एक नाजूक बाजू तुम्हाला माहीत असणारच. चोरीचं सोनं घेतल्याच्या संशयावरून पोलिसांचा ससेमिरा, हे गलाईवाल्यांचं जुनं दुखणं. कुणी त्याबद्दल बोललं तर तिथल्या तिथं विचारा: हे नावानिशी ठेवू का, नाव काढून ठेवू, की तुमच्या हयातीत उघडूच नको? जे सांगतील ते त्या नोंदीवर लिहा आणि पाळा. जमिनीचे वाद, भावकीतले कज्जे, पळून जाऊन केलेली लग्नं, या सगळ्याला हाच नियम. एकदा विश्वास गेला तर गावात दुसरं दार उघडणार नाही.

आणि बायकांचं गलाई वेगळं. नवरा परमुलखात असताना गावी सासू-सासरे आणि शेत सांभाळलेल्या बायका एका बाजूला. नवऱ्याबरोबर जाऊन एका खोलीत, भाषा येत नसताना संसार केलेल्या दुसऱ्या बाजूला. तुमची आई त्यातलीच ना? पहिली मुलाखत तिचीच घ्या. पोष्टमनकडून पत्र वाचून घेताना काय वाटायचं, उत्तरात काय लिहायला सांगायचं आणि काय गिळायचं, हे कुठल्याही गॅझेटियरमध्ये नाही. थोरल्या बायकांना जात्यावरच्या ओव्या विचाराच. हेमा राईरकर आणि गी पोयतवाँ या अभ्यासकांनी खेडोपाडी फिरून लाखाहून अधिक ओव्या जमवल्या आणि प्रत्येक ओवीशी गाणारीचं नाव, गाव ठेवलं. नाव ठेवणं महत्त्वाचं. 'एक वृद्ध महिला म्हणाल्या' असं कधी लिहू नका; तिची हरकत नसेल तर तिचं नाव तिच्या ओवीबरोबर राहिलं पाहिजे.

'तू बाहेरची' याला उत्तर देत बसू नका. गावच्या लेकी-सुनांपैकी सून ही नेहमी बाहेरचीच असते, आणि तिलाच सगळं नव्यानं शिकावं लागतं: कुणाच्या दारात आधी जायचं, कुठल्या विहिरीचं पाणी कुणाचं, कुणाशी बोलणं बंद आहे आणि का. जो इथंच वाढला त्याला हे दिसतच नाही. शिवाय तुम्हाला अडाण्यासारखे प्रश्न विचारायची सोय आहे. "मामंजी, हे असं का हो?" हे तुम्ही विचारू शकता, त्यांच्या मुलानं विचारलं तर चिडतील.

कागदांचं थोडक्यात. १९४९ पर्यंत तुमचा तालुका सातारा जिल्ह्यात होता, मग दक्षिण सातारा झाला आणि १९६० पासून सांगली. त्यामुळे जुनं काही शोधताना सांगलीत नाही म्हणून निराश होऊ नका, सातारा म्हणून शोधा. इंग्रज अधिकारी कॅम्पबेलच्या गॅझेटियरचा (सरकारी माहितीग्रंथाचा) सातारा खंड १८८५ चा आहे, त्यात तुमच्या भागातल्या बाजाराच्या गावांवर मजकूर आहे. तो वाचताना लिहिणारा साहेब होता हे ध्यानात ठेवायचं. शेजारचं आटपाडी औंध संस्थानात होतं, म्हणून तिकडच्या माहेरवाशिणींच्या घरचे कागद तुमच्या सासरच्या कागदांपेक्षा वेगळे निघतील. गेल्या दोन-तीन वर्षांत कुणबी नोंदींसाठी तहसीलमधली मोडीतली जुनी जन्म-मृत्यूची रजिस्टरं माळ्यावरून खाली आली, लोकांनी रांगा लावल्या. कारण काहीही असो, त्या निमित्तानं मोडी वाचणारा माणूस प्रत्येक तालुक्यात पुन्हा दिसायला लागला. तुमच्याकडचा कोण ते शोधून ठेवा. नसलाच तर कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठाच्या इतिहास विभागात विचारा.

पण माझं मत विचाराल तर सरकारी दप्तरापेक्षा घरातलं दप्तर श्रीमंत असतं. तुमच्या शाळेचं जनरल रजिस्टर तर तुमच्या कपाटातच आहे. कुठल्या साली कुणाच्या मुली पहिल्यांदा शाळेत आल्या, किती मुलं तिसरीत गळाली, शाळा सोडल्याचं कारण काय लिहिलंय, हे नुसतं चाळलं तरी दिसेल. मुख्याध्यापकांची परवानगी तेवढी घ्या. विकास सोसायटीचं प्रोसिडिंग बुक, गणपती मंडळाची पावतीपुस्तकं, यात्रा कमिटीची वही, किराणा दुकानाची उधारीची वही. उधारीची वही मिळाली तर सोन्याहून पिवळं: आषाढात कोण किती गूळ नेतो, गोडेतेल छटाकानं कोण नेतं आणि डब्यानं कोण, बाकी कधी फिटते, सगळं गाव त्यात असतं. फक्त ती वही आजही लोकांच्या अब्रूची गोष्ट आहे, नावं झाकूनच वापरायची.

आणि लग्नपत्रिका! प्रत्येक घरी डब्यात पडलेल्या असतात आणि दरवर्षी दिवाळीच्या साफसफाईत बंबात जातात. जुन्या पत्रिकेत खाली 'आमचे दुकान' म्हणून कुठल्या कुठल्या गावाचे पत्ते असतात ते पाहा. एका पत्रिकेवरून एका भावकीचा नकाशा निघतो: थोरला कुठं, धाकटा कुठं, जावई कुठल्या राज्यात. पोरांना सांगा, घरातली सगळ्यात जुनी पत्रिका आणा, फोटो काढून परत देते.

हेळवी तुमच्या गावात अजून येतात का? बैल घेऊन, वंशावळीची बाडं घेऊन. आले की त्यांना नुसती पायली देऊन लावून देऊ नका, बसवा, चहा द्या, परवानगी मागून त्यांचं वाचन ध्वनिमुद्रित करा. ती बाडं त्यांची उपजीविका आहे, म्हणून त्यांचे फोटो मागू नका आणि काढलेच तर कुठं टाकू नका. त्यांचं वाचन ऐकण्यासारखं असतं. एका दमात पाच-सात पिढ्या येतात, आणि मधेच कोण कुठल्या दुष्काळात कुठल्या गावाहून उठून आलं हेही येतं.

एक गोष्ट जरा कडक शब्दांत सांगते. गावाचा इतिहास म्हणून जे जमतं ते नेहमी वेशीच्या आतलं असतं. मांगवाडा, महारवाडा, रामोशी, वडार, माळावरच्या धनगरांच्या वस्त्या यांची पाळी आली की 'बलुतेदार गुण्यागोविंदानं नांदत' असं एक वाक्य येतं आणि पान उलटतं. नांदत होते की नांदावं लागत होतं, हे त्यांना विचारा. पाणी कुठून भरायचे, बलुतं किती मिळायचं आणि कुणी बुडवायचं, येसकराची (वेशीच्या राखणदाराची) काठी केव्हा ठेवली. तिथं जाताना मात्र एकदम मोबाईल पुढं करू नका. तुमच्या वर्गात त्या घरांतली मुलं आहेत, त्यांच्या आया तुम्हाला ओळखतात, ती ओळख आधी. मुलाणी, आतार, तांबोळी, शिकलगार यांच्या घरांचंही तसंच. शेजारी कडेगावच्या मोहरमला उंचच उंच ताबूत उठतात आणि त्यात हिंदू घरांना मान असतो, हे सगळा जिल्हा जाणतो. तुमच्या गावात पंजे बसतात का? सवारी कुणाच्या दारात थांबते? तो मान कुठल्या घराकडं आणि कुणामुळं आला, हे सांगणारं माणूस बहुधा एकच उरलेलं असतं.

आज दिसतंय तेही टिपा. इतिहास म्हटला की सगळे मागं बघतात आणि समोरचा आठवडी बाजार तसाच राहून जातो. मुलांना पुढच्या बाजाराला कागद देऊन पाठवा आणि कोण कुठं बसतं त्याचा नकाशा काढायला लावा: बुरडाच्या पाट्या-सुपं कुठं, घोंगडी कुठं, कासाराचं दुकान कुठं, मिरचीवाल्या बायका कुठल्या गावच्या, मोबाईलची कव्हरं विकणारा कुठून येतो. शक्य झालं तर दरवर्षी त्याच महिन्यात तोच नकाशा. पाच वर्षांनी दोन कागद शेजारी ठेवले की घोंगडीवाला कधी उठला हे दिसेल. तुमच्या रायगडवाल्या वर्गाला हा प्रकल्प द्या. नेटवरून उतरवता येणार नाही.

आणि पौषात खरसुंडीच्या जनावरांच्या बाजाराला एखाद्या जाणत्या हेड्याला (जनावरांच्या दलालाला) घेऊन जा. खिलाराच्या खोंडाचा सौदा उपरण्याखाली होतो. दोघं हात हातात घेतात, वर कापड टाकतात, चेहरा मख्ख, आणि खाली बोटं बोलत असतात. किती बोटं धरली, कुठलं पेर दाबलं, नकार कसा देतात, शेजारी उभ्या असलेल्याला पत्ता लागत नाही. हे चालू बाजारात कुणी दाखवणार नाही, दाखवूही नये. पण सत्तरीचा, धंदा सोडलेला हेडी मिळाला तर त्याला घरी ओसरीवर बसवा आणि कापड काढून तोच सौदा पुन्हा करायला सांगा, समोर दुसरा जुना गडी बसवून. दहा मिनिटांचा व्हिडिओ होईल. माझ्या मते तुमच्या सगळ्या संग्रहात गलाईच्या खालोखाल मोलाची गोष्ट ती असेल, कारण भाव आता फोनवर ठरायला लागलेत.

राहिलं तंत्राचं, त्याचा बाऊ करू नका. मोबाईल पुरतो. मुलाखतीआधी फोन फ्लाईट मोडवर टाका, पंखा बंद करा, आणि सुरुवातीला स्वतःच्या आवाजात म्हणा: आज तारीख अमुक, गाव अमुक, बोलणाऱ्याचं नाव अमुक, विचारणारी मी. फाईलचं नाव कितीही बदललं तरी हा आवाज आतच राहतो. जुना फोटो अल्बममधून ओरबाडून काढू नका, आहे तिथं उजेडात तिरपा न धरता फोटो घ्या. मूळ फोटो ज्याचा त्याला त्याच दिवशी परत करा, यात हयगय झाली तर चर्चा होते. मागं नावं लिहायची तर मऊ पेन्सिलीनं, बॉलपेनानं नाही. व्हॉट्सॲपवर मागवाल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा, नाहीतर चेहऱ्यांचा चिखल होऊन येतो. आणि सगळं तीन ठिकाणी ठेवा: एक हार्ड डिस्क तुमच्याकडं, एक गावच्या वाचनालयात, एक गावाबाहेर, तुमच्या भावाकडं तमिळनाडूत ठेवलीत तरी चालेल. वाचनालयाला मध्ये घ्याच. तुमची बदली होईल, सरपंच बदलेल, मंडळात फूट पडेल. वाचनालय कसंबसं का होईना पण राहतं. संग्रह तुमच्या किंवा पुढाऱ्यांच्या नावावर नको, वाचनालयाच्या नावावर असू द्या.

त्याबरोबर एक साधी जाड वही. तारीख, कोण, काय मिळालं, कुणाकडून, परत दिलं का, काय अट. संगणकावर यादी कराच, पण ही वही सोडू नका. हार्ड डिस्क उघडली नाही तरी वही वाचता येते.

पत्राच्या शेवटच्या ओळीत (वर ती कापलीय) तुम्ही सहज लिहिलंय, की यजमानांनी ट्रंकेतले मोडी कागद 'खराब होऊ नयेत म्हणून' बाजारात लॅमिनेशनला दिलेत. ताई, हे पत्र वाचून व्हायच्या आत त्यांना दुकानात पाठवा आणि ते कागद जसे आहेत तसे परत आणा. लॅमिनेशनच्या उष्णतेनं आणि डिंकानं जुना कागद कायमचा चिकटतो, पुन्हा सोडवता येत नाही. सेलोटेपही लावू नका. मांजरपाट आणा, दोनदा धुवून त्याची खळ काढा, सावलीत वाळवा आणि त्यात कागद सपाट गुंडाळून ट्रंकेत नव्हे तर कोरड्या कपाटात, भिंतीपासून थोडे लांब ठेवा. एक-दोन लॅमिनेट होऊन गेले असले तर ते कापायला जाऊ नका, तसेच ठेवा. त्यांचा दोन्ही बाजूंनी फोटो काढा आणि मोडीवाल्याला आधी तेच दाखवा.